लंगडी घालणारा बिबट्या

१

उसाच्या कडेला वरंब्यावर उताण्या पडलेल्या मानसिंगआबांच्या खिशात मोबाईल वाजत होता, आणि भोवती जमलेल्या तीस-चाळीस माणसांपैकी एकालाही तो उचलायचा नव्हता. मयताचा फोन उचलला तर समोरच्याला काय सांगणार, आबा जरा पडलेत म्हणून? शेवटी फोन करणारीनंच बांधावर उभं राहून आपला मोबाईल कानावरून खाली घेतला, तेव्हा कुठं खिशातली सनई थांबली.

फोन करणारी म्हणजे वनरक्षक अंजली अहिवळे. वय सत्तावीस, माहेर लोणी भापकर, सासर अजून ठरायचं होतं. पहिली दोन वर्षं तिनं इंदापूरच्या माळावर लांडगे मोजण्यात घालवली. मग बारामतीकडच्या उसात बिबटे दिसायला लागले आणि तिची बदली झाली. लांडगा निदान माळावर दिसायचा तरी. इथं नुसता ऊस दिसायचा.

वडगाव निंबाळकरच्या पुढं, कालव्याच्या अंगाला असलेल्या या वस्तीवर तिला आबांनीच बोलावलं होतं. आठ बावीसला फोन आला होता. "पोरी, पिल्लं दोन्ही बघितली. आई बी हाय. साडेनवाला ये, पोराचा एक उद्योग दावायचाय तुला. फोनवर न्हाय सांगायचा." आणि मग हसून, "साडेआठला लाईट यायची. तवर हातातलं काम उरकून घेतो."

आता साडेनऊ झाले होते. आबांच्या गळ्यावर चार भोकं होती.

"बिबट्यानं धरला म्हातारा," अविराज म्हणाला. अविराज हा वस्तीतला तरुण कार्यकर्ता. त्यानं गळ्यात कुत्र्याचा खिळ्यांचा पट्टा बांधला होता, कारण बिबट्या गळा धरतो असं त्याला मोबाईलवर कळलं होतं. पट्ट्याच्या पितळी पट्टीवर 'टायगर' असं कोरलेलं होतं. खुद्द टायगर बिनपट्ट्याचा बाजूला बसला होता, देवावर भरवसा ठेवून.

"मॅडम, पिंजरा कुठाय?"

"इंदापूरहून निघालाय."

"निघालाय! महिना झाला निघतोय! आता आमी न्हाय थांबत. बाराच्या ठोक्याला ह्यो दोन एकर ऊस चारी बाजूंनी पेटवायचा. इंद्रजितदादा, तुमी बोला. ऊस तुमचा हाय."

इंद्रजित म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. तो दुधाच्या डेअरीवरून नुकताच धावत आला होता. डोळे लाल, ओठ कोरडे. बापाकडं न बघता तो म्हणाला, "पेटवा. माझी ना न्हाय."

त्या उसात एक मादी होती आणि तिची दीड महिन्याची दोन पिल्लं. पिल्लं मोठी होईस्तोवर हा ऊस तोडायचा नाही म्हणून आबांनी तोडीला आलेली टोळी चहा पाजून परत पाठवली होती. 'तुझ्या पिल्लांना मी हाय,' असं ते अंजलीला म्हणाले होते. आता ते नव्हते, आणि बाराला अडीच तास होते.

ती वाकली. वरंब्याच्या खालची सरी पाण्यानं भिजलेली होती आणि चिखलात पंजे उमटले होते. मोठे, गोल, स्वच्छ. तिनं ते मोजले. अकरा. परत मोजले, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

अकराच्या अकरा पंजे डावे होते.

२

बिबट्याचा पंजा ओळखणं अवघड नसतं. चार बोटं, मागं गादी. नखांचे ओरखडे नाहीत, कारण चालताना तो नखं म्यानात ठेवतो. कुत्र्याला ती सोय नाही. पुढचा पंजा रुंद, मागचा जरा लांबट. चार बोटांतलं एक बोट बाकीच्यांच्या पुढं असतं, आणि ते कुठल्या अंगाला आहे यावरून डावा-उजवा कळतो. शिवाय हे जनावर इतकं काटकसरी की पुढचा पाय जिथं पडला, जवळजवळ तिथंच मागचा टाकतं. आवाज नको, पायाखालचं वाळकं पाचट वाजायला नको.

इथं अकरा पंजे होते आणि सगळे पुढच्या डाव्या पायाचे. उजवा एक नाही, मागचा एक नाही. आबांपासून चार फुटांवर ते सुरू होत होते आणि दुसऱ्या बाजूला चार फुटांवर संपत होते. उसातून येणारा माग नव्हता, उसात जाणाराही नव्हता.

म्हणजे बिबट्या आभाळातून उतरला, आबांच्या भोवती डाव्या पायावर लंगडी घातली आणि परत आभाळात गेला.

"काय बघताय मॅडम?" अविराजनं विचारलं.

"खेळाडू आहे," अंजली म्हणाली.

गळ्यावरची भोकंही तिला पटेनात. बिबट्या गळा धरतो हे खरं. पण त्याचे वरचे दोन सुळे एका बाजूनं रुततात आणि खालचे दोन दुसऱ्या बाजूनं, चिमट्यासारखे. इथं चारही भोकं एका ओळीत होती, सारख्या अंतरावर, पट्टीनं आखल्यासारखी. आणि आबांची कॉलर पांढरीशुभ्र होती. जिवंत माणसाचा गळा फोडला तर सदरा असा राहत नाही.

तिचे वडील बुद्धघोष अहिवळे, निवृत्त शिक्षक, दर पौर्णिमेला विहारात एकच गोष्ट सांगायचे. सगळे म्हणतात म्हणून खरं मानू नका, थोर माणूस म्हणतो म्हणूनही नका, स्वतः तपासा. घरी भाजीत मीठ कमी आहे असं आईनं सांगितलं तरी ते स्वतः तपासायचे.

अंजली गुडघ्यावर बसली आणि अकरावा पंजा तपासला. पुढं आलेल्या बोटावर एक बारीक आडवी रेघ होती, केसाएवढी, सांधल्यासारखी. तिनं दहावा बघितला. रेघ होती. नववा, आठवा. रेघ होती.

हा पंजा तिच्या ओळखीचा होता. तो तिनंच बनवला होता.

३

दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या कडेला एका नर बिबट्याचा सुंदर ठसा सापडला होता. अंजलीनं त्यात प्लास्टर ओतलं आणि हुबेहूब पंजा काढला. तो घेऊन ती या वस्तीवर 'बिबट्यासोबत जगताना' हा कार्यक्रम करायला आली. हजेरी बारा जणांची. त्यातले नऊ झोपले होते आणि दोघं चहासाठी थांबले होते. बाराव्या माणसाचं नाव मानसिंगआबा.

आबांनी तिला दीड तास प्रश्न विचारले. बिबट्याच्या अंगावरची फुलं दोन जनावरांची सारखी असतात का? नसतात. शेपूट एवढी लांब कशाला? झाडावर तोल सांभाळायला. मग उसात कशाला? यावर अंजलीला उत्तर आलं नाही. निघताना पंजा तिच्या हातून पडला आणि एका बोटाचा तुकडा उडाला. आबांनी तो चिकटवला आणि म्हणाले, "आता त्यो माझा. मी जोडलाय."

तेव्हापासून पंजा आबांच्या घरातल्या शोकेसमध्ये होता, लग्नाचा फोटो आणि बैलगाडा शर्यतीची ढाल यांच्या मधोमध.

घरात बायका जमल्या होत्या. आबांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, रडणं थांबवलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि हाताची बोटं एकसारखी पदराला पुसत होत्या.

"काकी," अंजली शेजारी बसली. "सकाळी घरात कोण कोण होतं?"

"मी गोठ्यात व्हते. धारा काढत. ह्ये चहा पिऊन उसाकडं गेले."

"आणि इंद्रजितदादा?"

बोटं थांबली. "त्यो आठलाच डेअरीवर गेला. दूध घिऊन."

"धारा तुम्ही काढत होता ना?"

"व्हय."

"मग त्यानं दूध कुणाचं नेलं?"

द्वारकाबाईंनी तिच्याकडं बघितलं. ती नजर अंजलीला पुढं कित्येक दिवस आठवणार होती. पाण्यात बुडणारं माणूस असं बघतं, पण हात मात्र वर करत नाही.

"कालचं," त्या म्हणाल्या.

अंजली उठून शोकेसपाशी गेली. पंजा जागेवर होता, पण बोटं भिंतीकडं होती. आबा तो कायम पाहुण्यांकडं तोंड करून ठेवायचे. शोकेसमधल्या ढालीवर धूळ होती, फोटोवर धूळ होती, पंज्यावर कणभर नव्हती. तिनं काच सरकवली आणि पंज्याखालच्या विणलेल्या रुमालाला बोट लावलं.

रुमाल ओला होता.

४

अॅम्ब्युलन्स आली आणि आबांना बारामतीला घेऊन गेली. अहवाल संध्याकाळपर्यंत येईल, असं कुणीतरी म्हणालं. डिझेलचे कॅन मात्र आत्ताच आले होते. साडेदहा झाले होते. पोलीस वडगावहून निघाले होते. इंदापूरहून निघालेला पिंजरा आणि ते यांच्यात आता चुरस होती.

आबांना उचलताना अंजलीनं दोन गोष्टी बघून घेतल्या. चपलांच्या तळव्यांना नुसती धूळ होती, चिखलाचा टिपूस नाही. आणि उजव्या नडगीवर सुतळीएवढी एक काळी रेघ होती.

ती बिरदेवतात्यांपाशी गेली. तात्या शेजारच्या रानाचे मालक. त्यांच्या दोन शेळ्या बिबट्यानं नेल्या होत्या, आणि ऊस तोडत नाही म्हणून आबांशी त्यांचं गेल्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. आबा पहिल्यांदा त्यांनाच दिसले होते.

"माझ्यावरच घाला आता समदं," तात्या आधीच तयार होते. "भांडलो, व्हय, भांडलो. म्हणलं, आबा, तुमचा बिबट्या माझ्या शेळ्या खातोय. तर म्हणं, तात्या, त्यो रानडुकरं बी खातो, त्याचं बिल कुणाला लावू? असल्या माणसाशी काय भांडायचं?" आणि तात्या एकदम तोंड फिरवून रडायला लागले.

अंजलीनं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. मग म्हणाली, "तुम्ही इकडं आलात कशाला?"

"विहीर आमची सामायिक हाय. आबांचं भिजवून झालं की माझी पाळी. म्हणून मोटारीकडं कान लावून बसल्यालो. लाईट आली, ऑटोवर मोटार आपोआप चालू झाली. आन् नऊच्या आत बंद. म्हणलं, दोन एकर येवढ्यात भिजला कसा? बघाया आलो, तर..."

"नऊच्या आत बंद झाली. नक्की?"

"माझी पाळी हाय मॅडम. पाळीच्या येळेला शेतकरी खोटं बोलत न्हाय. बाकी येळेचं सांगत न्हाय."

अंजलीनं सबस्टेशनवरच्या कुंडलिकला फोन लावला. तो तिच्या गावचा.

"कुंडलिक, आज शेतीपंपांची थ्री फेज लाईट कधी टाकली?"

"आज सोमवार. रात्रीच्या लाईटचा आठवडा संपला, दिवसाचा सुरू. साडेआठची वेळ." मग तो घुटमळला. "कुणाला सांगू नको, आठ पंचवीसला टाकली. भाच्याचं जावळ होतं, निघायची घाई होती. पाच मिनिटं आधीच आली म्हणून तक्रार केली का काय कुणी?"

आयुष्यात पहिल्यांदा लाईट वेळेआधी आली होती.

अंजली बांधावर बसली आणि काडीनं मातीत वेळा लिहिल्या. आठ बावीस, आबा फोनवर बोलतात. आठ पंचवीस, लाईट येते, मोटार सुरू होते. मोटारीपासून इथवर पाणी यायला दहा मिनिटं. आबांच्या चपला कोरड्या, म्हणजे पाणी यायच्या आत ते पडले. पंजे चिखलात, म्हणजे पाणी आल्यावर उमटले.

आधी माणूस मेला, आणि मग बिबट्या आला. भेटायला.

आणि नऊच्या आत मोटार बंद झाली. आबा तर तेव्हा वरंब्यावर पडले होते. मग मोटार बंद कुणी केली?

५

"पोराचा उद्योग," असं आबा म्हणाले होते.

अंजली उसाच्या कडेनं चालत गेली. तीस पावलांवर पाचटाखाली तिला वितभर उंचीची बांबूची खुंटी दिसली. खुंटीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा खोचलेला होता. दहा पावलांवर दुसरी. दुसरीपाशी एक मुंगूस मरून पडलं होतं. त्याच्या अंगावर दाताची खूण नव्हती, आणि त्याचं तोंड उघडं होतं. पुढं खुंट्या उसाच्या आत वळल्या होत्या, आणि त्यांच्यावरून बारीक, उघडी तार गेली होती.

ती परत आली, तेव्हा अविराज लोकांना चार कोपरे वाटून देत होता. पट्ट्यामुळं त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून तो हुकूम देताना पूर्ण वळायचा.

इंद्रजित एकटा उभा होता. अंजली त्याच्याजवळ गेली.

"दादा, दहा महिन्यांचा ऊस जाळताय?"

"बाप गेला माझा. ऊस घिऊन काय करू?"

"पेटवायच्या आधी एकदा आत जाऊन बघूया का? आबांनी पिल्लं कुठं बघितली ते."

इंद्रजितची नजर उसाकडं गेलीच नाही. ती गेली विहिरीकडं, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीकडं. क्षणभरच. मग तो म्हणाला, "नको. बिबट्या हाय आत."

बिबट्याला भिणारा माणूस उसाकडं बघतो. हा पेटीकडं बघत होता.

"सकाळी डेअरीवर किती वाजता पोचलात?"

"आठ. सव्वाआठ."

"आणि दूध कुणाचं नेलंत?"

"आई सकाळी धार काढती, त्येच."

अंजलीनं मान हलवली. आई म्हणाली कालचं, मुलगा म्हणतो आजचं. एका म्हशीनं दोन दिवसांचं दूध एकदम दिलं तरी दुधाला तारीख एकच असते.

ती रमतगमत विहिरीकडं गेली. पेटीवरचा लाल दिवा लागला होता. लाईट होती, पाण्याची पाळी होती, आणि मोटार बंद. मेनचा खटका खाली ओढलेला होता. मोटारीला जाणाऱ्या वायरीच्या जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि तिथून एक बारीक तार गवतात उतरली होती. इंद्रजितला सकाळी मेन पाडायला वेळ मिळाला होता. तार गुंडाळायला मिळाला नव्हता.

अंजलीनं खटका पुन्हा तपासला, पेटीत दोन मिनिटं हात घातला आणि झाकण लावलं. परत येताना तिचा उजवा खिसा जड झाला होता.

उसापाशी आली, तर द्वारकाबाई तिथं आलेल्या. कुणी अडवलं तरी त्या थांबल्या नव्हत्या. नवरा जिथं पडला होता तिथं त्या वरंब्यावर बसल्या आणि आधाराला त्यांनी उसाच्या बुडख्याकडं हात टाकला. पाचटात, त्यांच्या बोटांपासून वितीवर, तीच तार होती.

अविराजनं घड्याळ बघितलं. "बाराला पाच कमी. काडी काढा."

६

"एक मिनिट," अंजली मोठ्यानं म्हणाली. "पेटवा, मी अडवत नाही. पण वारा तात्यांच्या रानाकडं आहे. मधला बांध भिजवून घ्या, नाहीतर त्यांचाही ऊस जाईल. मोटार चालू करा."

"ह्ये खरं हाय," तात्या म्हणाले. त्यांना पाळीही मिळत होती.

"मयताच्या दिवशी मोटार नको," इंद्रजित म्हणाला.

"सुतक मोटारीला न्हाय लागत, दादा," अविराज म्हणाला. सबंध दिवसात त्याचं हे एकच वाक्य शहाणपणाचं होतं.

तात्या विहिरीकडं निघाले. इंद्रजित बघत राहिला. तात्यांनी पेटीचं झाकण उघडलं. इंद्रजितनं आईकडं बघितलं. ती बसल्या जागी पाचट चाचपत होती, नवऱ्याचं काहीतरी राहिलं असेल तर शोधत. तात्यांनी खटक्याला हात घातला.

"आई, हात काढ!" इंद्रजितच्या गळ्यातून निघालेला आवाज माणसाचा वाटला नाही. "तात्या, मेन टाकू नका! मेन टाकू नका!"

तो धावला, आईच्या अंगावर पडला आणि तिला ओढून बाजूला घेतलं. तात्या दचकले आणि दचकल्यामुळं खटका वर गेला.

काहीच झालं नाही. ऊस सळसळला, तेवढंच.

अंजलीनं खिशातून चिनी मातीचे तीन फ्यूज काढले आणि वरंब्यावर एकाशेजारी एक मांडले.

"फ्यूज काढलेत, मेन टाकला तरी वीज येत नाही, दादा. पण बिबट्याच्या उसात विजेला एवढं कोण भितं?"

अंजलीचा आवाज सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा.

"अकरा पंजे आणि सगळे डावे. बिबट्या लंगडी घालत नाही. ते आबांच्या शोकेसमधल्या प्लास्टरच्या पंज्यानं उठवलेत, सांध्याची रेघसुद्धा आली आहे. गळ्यावर चार भोकं एका ओळीत. बिबट्याच्या तोंडात दात असतात. ही भोकं पाचट ओढायच्या दाताळ्याची आहेत, आणि त्यातून रक्त आलं नाही, कारण आबा तेव्हा गेलेले होते. पायावर तारेची जळकी रेघ आहे. आबांना ती तार सकाळी सापडली. मला दाखवण्याआधी ते ती काढायला लागले, कारण पिल्लं तिथंच खेळत होती. घड्याळात आठ पंचवीस. त्यांच्या हिशेबानं लाईट यायला पाच मिनिटं होती. ती आली होती. नंतर कुणीतरी मोटार बंद केली. मोटार चालू असताना त्या तारेपाशी जाता येत नाही, हे फक्त तार लावणाऱ्याला माहीत होतं."

इंद्रजित चिखलात बसला होता. आईचा दंड त्यानं अजून सोडला नव्हता.

"रानडुकरांसाठी लावल्याली," तो म्हणाला. "गेला आठवडाभर रातची लाईट व्हती. रातच्याला रानात कोण येतंय? सकाळी आपोआप बंद. आज सोमवार हाय ह्येच ध्यानात न्हाय राहिलं. पाळी बदलली. घरात व्हतो, मोटारीचा आवाज येत व्हता, पर तारेचं ध्यानात यायला वीस मिनटं गेली. पळत आलो. मेन पाडला. आबा गेल्याले व्हते."

"मग हाक का नाही मारली?"

"जेलात गेलो असतो."

"दाताळं कुणी सांगितलं?"

"आबांनीच सांगितल्यालं, बिबट्या गळा धरतो म्हणून. जेवताना रोज त्येच बोलायचे." त्यानं तोंड झाकलं. "मी डोळं मिटून मारलं, मॅडम. डोळं मिटून."

अविराजनं गळ्यातला पट्टा सोडला आणि मुकाट्यानं टायगरच्या गळ्यात बांधला. डिझेलचे कॅन ज्यानं त्यानं उचलले. कुणीही कुणाकडं बघत नव्हतं.

द्वारकाबाईंनी मुलाच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

"म्हंजी," त्यांनी अंजलीला विचारलं, "ह्यानं त्यास्नी मारलं न्हाय?"

"जाणूनबुजून नाही, काकी."

"मोरीत त्यो पंजा बघितला मी. चिखलानं भरल्याला. मला वाटलं, ऊस तोडू देत न्हाय म्हणून बापाला मारलं ह्यानं. म्हणलं, नवरा तर गेला, पोरगं तरी ऱ्हाऊ दे." त्या आपल्या बोटांकडं बघत होत्या. "मग मी त्यो पंजा कशाला धुतला?"



७

पोलीस एक वाजता आले. पिंजरा चार वाजता आला आणि आता त्याचं काम नाही हे कळल्यावर टेम्पोवाल्यानं त्याच्यात बसूनच डबा खाल्ला. तार गुंडाळली गेली. इंद्रजित गाडीत बसताना आईच्या पाया पडायला वाकला, तर द्वारकाबाईंनी पाय मागं घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

दिवस कलला तशी अंजली कालव्याच्या भरावावर जाऊन बसली. दिवसभर एवढी माणसं, एवढा गलका. मादी आता पिल्लं हलवणार, हे तिला माहीत होतं. आबांनाही माहीत असतं. चाहूल लागली की आई घर बदलते.

ऊस हलला नाही. पाचट वाजलं नाही. अमुक एका क्षणी सरीच्या तोंडाशी काही नव्हतं आणि पुढच्या क्षणी ती तिथं होती. खांदे खाली, मान खाली, कानांच्या मागं पांढरे ठिपके. तिनं वरंब्यावर ती जागा हुंगली. बराच वेळ हुंगली. मग तिनं शेपटीचा शेंडा वर उचलला. खालून पांढरा. मावळतीच्या उजेडात तो पांढरा ठिपका पुढं सरकला आणि त्याच्यामागं दोन मातकट गोळे धडपडत निघाले.

'शेपूट येवढी लांब कशाला, सांगू?' आबांनी तिला मागच्या आठवड्यात फोन करून सांगितलं होतं. 'मी बघितलं परवा. पिल्लांना वाट दिसावी म्हणून.'

तिघं तात्यांच्या उसात शिरली. तात्या आपल्या बांधावर उभे होते. त्यांनी हातातली काठी हळूच मागं घेतली आणि मोबाईल काढला नाही.

अंजली खाली उतरली. अकरा डाव्या पंजांवरून खरा माग गेला होता. डावा, उजवा, आणि मागचा पाय पुढच्याच्या ठशात. तीनच ठिकाणी दिसत होता.

वस्तीवरून तिची गाडी निघाली, तेव्हा द्वारकाबाई रस्त्यात उभ्या होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पोलीस ह्यो न्यायचा विसरले," त्या म्हणाल्या.

पंजा होता. अंजलीनं घेतला. अजून दमट होता.

"काकी, हा दिला तर इंद्रजितदादाच्या विरोधात..."

"ठाऊक हाय मला. लिहून घे. पंजा मी धुतला, म्हणून लिहून घे. अंगठा न्हाय, सही येती मला. ह्यांनीच शिकवली." त्यांनी पदरानं बोटं पुसली. "आन् ऊस?"

"पिल्लं हलली आज. आता तोडता येईल."

द्वारकाबाईंनी काळोख धरत चाललेल्या त्या दोन एकरांकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे जरा," त्या म्हणाल्या. "परत आली, तर कुठं जातील?"